पाव वळसा फिरलेलं नाणं

नाण्यांच्या दुकानात मागे, जिन्याखाली, एक टेबल आहे. त्यावर हिरवं कापड, वाकड्या मानेचा दिवा, छोटा तराजू आणि एक भिंग. टेबलामागे भिंगकाका बसतात, आठवड्यातून चार दिवस, दहा ते एक. लोक त्यांच्याकडे चुकलेली नाणी घेऊन येतात. ती खरोखर चुकलेली आहेत की कुणी मुद्दाम चुकवलेली आहेत, हे काका सांगतात.

बाहेरच्या माणसाला हा धंदा चटकन पटत नाही. टाकसाळीतून नीट पडलेल्या नाण्याची किंमत त्यावर लिहिलेली असते, तेवढीच. पण टाकसाळीतच ठसा सरकला, कडेचा लचका तुटला, आधीचं नाणं यंत्रात अडकून पुढच्यावर त्याचा उलटा ठसा उमटला, की त्या नाण्यासाठी शौकीन लोक जीव टाकतात. अट एकच. बिघाड टाकसाळीतलाच हवा. घरी बिघडवलेलं नाणं म्हणजे नुसतं खराब नाणं.

त्यामुळे घरी बिघडवणारे पुष्कळ. कुणी नाण्यावर नाणं ठेवून हातोडा हाणतो. कुणी कानशीने कड कापतो. काका भिंगातून बघतात आणि शांतपणे परत करतात. टाकसाळीत नाणं दाबलं जातं, मार खात नाही, असं सांगतात. कडेचा लचका खरा असेल तर त्याच्या बरोबर समोरची कड बसकी असते. कानशीवाल्याला हे ठाऊक नसतं. समोरची कड छान उभी असते आणि तीच त्याला पकडून देते.

एकदा एक गृहस्थ दोन्हीकडे छापा असलेलं नाणं घेऊन आले. काकांनी ते टेबलावर टाकलं. आवाज बद्द आला. मग कडेच्या आतली केसाएवढी रेघ त्यांनी दाखवली. दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली. गृहस्थांचा चेहरा पडला. त्या नाण्यावर त्यांनी भावाकडून घराचा वरचा मजला जिंकला होता. चूक टाकसाळीची आहे असं लिहून मिळालं असतं तर मनाला बरं वाटलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मनाला बरं वाटण्याचा दाखला इथे मिळत नाही, असं काकांनी कळवलं.

सख्ख्या मेहुण्याच्या नाण्यालाही त्यांनी ‘ॲसिडमध्ये बुडवलेले’ असा शेरा दिला होता. मेहुणा दोन वर्षं बोलला नाही. काकांच्या ते लक्षात आलं नाही.

ही नजर त्यांनी टाकसाळीत कमावली. एकतीस वर्षं ते तिथे तपासनीस होते. यंत्रातून नाणं बाहेर पडायचं ते छापा वर करून. घसरगुंडीवरून गिरक्या घेत यायचं, पण उलटत नसे. मग रुंद पट्ट्यावर पसरून हळूहळू पुढे सरकायचं. डाग, चीर, पुसट अक्षर दिसलं की काका चिमट्याने नाणं उचलायचे आणि कुलपाच्या पेटीत टाकायचे. पेटीतलं सगळं परत वितळायला. पट्ट्याच्या टोकाला एक रूळ होता. तो नाणं उलटं करून दुसऱ्या पट्ट्यावर सोडायचा. तिथे काटा वर. आणि तिथे काकू बसायच्या.

तेव्हा त्या काकू नव्हत्या. काट्याच्या तपासनीस होत्या. काका छाप्याचे. मधल्या रुळाच्या खडखडाटात दोघांचं जमलं. पण नातेवाइकांनी एकच नाणं तपासू नये, असा टाकसाळीचा नियम होता. संगनमत होईल अशी भीती. साहेबांनी फाइल तीन आठवडे ठेवून घेतली. शेवटी त्यांनी लिहिलं की उभयता एकच नाणे तपासत असली तरी एकच नाणे पाहत नाहीत, सबब विवाहास हरकत नाही. लग्नात नाण्याच्या दोन बाजूंवरून सतरा जणांनी विनोद केला. काकूंनी मोजले होते.

घरातही कामाची वाटणी तीच राहिली. धुतलेल्या ताटाची वरची बाजू काका बघत, खालची काकू. शर्टाला इस्त्री झाली की समोरून काका, पाठीकडून काकू. मुलीचं प्रगतिपुस्तक आलं की गुण काका वाचत. मागच्या पानावरचा वर्तणुकीचा शेरा काकूंचा. मुलगी लहानपणी समजत असे की सगळ्यांच्या घरी असंच असतं.

टाकसाळीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: सुटलं ते नजरेतून सुटलं. दोघांनी ते वाक्य एकतीस वर्षं रोज वाचलं. निवृत्तीच्या दिवशी दोघांना मिळून एक पत्र मिळालं. आपल्या पट्ट्यावरून एकही सदोष नाणे बाहेर गेल्याची नोंद नाही, असं त्यात होतं. पत्राची चौकट करून बैठकीच्या खोलीत लावली. पाहुण्यांना आधी पत्र, मग चहा.

म्हणून काकांना दुकानातली नोकरी सोपी गेली. इतर पट्ट्यांवरची चुकार नाणी त्यांच्यासमोर येत. काका त्यांना ‘फरारी’ म्हणत. फरारी सापडला की संध्याकाळी दाखल्याची कार्बन प्रत घरी जाई. काकू ती वाचत आणि त्या पट्ट्यावर कोण बसायचं ते आठवून सांगत. काहींची नावं ऐकून दोघांना मुळीच आश्चर्य वाटत नसे.

मग एका सोमवारी दुकानदाराने एक नाणं हिरव्या कापडावर ठेवलं.

छापा उत्तम. काटा उत्तम. कड सारखी. वजन बरोबर. काकांनी वरची आणि खालची कड दोन बोटांत धरली आणि नाणं डावीकडून उजवीकडे उलटलं. काटा सरळ दिसायला हवा. तो आडवा पडला होता. आकडा कुशीवर झोपल्यासारखा. यंत्रात साचा ढिला होऊन पाव वळसा फिरला होता. असं नाणं काकांनी पुस्तकात पाहिलं होतं, हातात कधीच नाही. त्यांना आनंद झाला. मग त्यांनी वर्ष वाचलं. वर्षाखाली एक ठिपका होता. असा ठिपका फक्त एका यंत्राच्या नाण्यांवर असे, आणि त्या यंत्राची नाणी फक्त एका पट्ट्यावर येत.

काका बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिले. ती घाण नव्हती. पुसून पाहिला.

दुकानदाराने विचारलं, खोटं आहे का. काकांना हो म्हणता आलं असतं. त्यांनी दाखल्याचं पुस्तक उघडलं. या धंद्यात छापा सरळ धरायचा आणि दुसरी बाजू किती फिरली ते लिहायचं, अशी रीत आहे. सगळ्या याद्यांत तसंच असतं. काकांनी रीतीप्रमाणे लिहिलं: चूक खरी, टाकसाळीतली. काटा पाव वळसा फिरलेला. खाली सही केली. लिलावाची यादी शुक्रवारी छापायला जाणार होती. दुकानदार खूश झाला.

संध्याकाळी काकूंनी कार्बन प्रत वाचली. एकदा. मग चष्मा पुसून पुन्हा. वर्ष कोणतं, ठिपका होता का, असे दोन प्रश्न विचारले. काकांनी उत्तरं दिली.

“काटा फिरलेला,” काकू म्हणाल्या.

“तशी रीत आहे गं.”

“काटा कुणाचा होता?”

काकूंनी पाकिटातून एक साधं नाणं काढलं, काटा सरळ ठेवून त्यांच्यासमोर धरलं.

“त्या नाण्याचा काटा असा सरळ धरा. आता छापा कसा असेल?”

“आडवा.”

“मग कोण फिरलं?”

काकांनी पुन्हा रीतीचं सांगितलं. रीत छाप्याकडे बसणाऱ्यांनी पाडली असणार, असं काकू म्हणाल्या. एकतीस वर्षांत माझ्या बाजूने एक नाणं सुटलं नाही, आणि तुम्ही मला न विचारता, कार्बन लावून, सही करून, माझ्या नावावर फरारी घातलात. शुक्रवारी ते छापून येईल आणि मग कायमचं. आवाज चढला नव्हता. काकांना तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी काकू दोन गल्ल्या पलीकडे, मुलीकडे राहायला गेल्या. पत्राची चौकट बरोबर घेऊन गेल्या. दाखला बदलेपर्यंत परत येणार नाही, असा निरोप जावयाच्या हाती आला. जावई उद्वाहकं, म्हणजे लिफ्ट, दुरुस्त करतो. दुसऱ्यांची अडकलेली माणसं सोडवणं हे त्याचं रोजचं काम. या प्रकरणात मात्र कुठलं बटण दाबावं ते त्याला कळेना.

काकांनी दोन दिवस एकट्याने काढले. ताटं धुतली आणि वरून तपासली. खालची बाजू बघायची की नाही, याचा विचार करत उभे राहिले. त्यांचा तो अधिकार नव्हता. बुधवारी ते दुकानात गेले आणि छापा फिरलेला असं लिहिता येईल का, असं विचारलं. दुकानदार हसला. मग काका हसत नाहीत हे पाहून गंभीर झाला. म्हणाला, “काका, उद्या तुम्ही म्हणाल खुर्ची सरळ आहे, घरच वाकडं आहे. लोक तुमच्या सहीवर माल घेतात. यादीत असलं काही छापलं तर तुमची सहीच उठेल बाजारातून.”

काकांना ते पटलं. हीच तर पंचाईत होती. काकूंचंही पटलं होतं.

गुरुवारी दुपारी जावयाने दोघांना आपल्या घरी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसवलं. मुलीने चहा ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जावयाने घरातली होती नव्हती तेवढी सुट्टी नाणी आणली. सगळी छापा वर करून टेबलावर पसरली. कुणाचं डोकं इकडे, कुणाचं तिकडे.

तो म्हणाला की पट्ट्यावर नाणी अशीच यायची ना, गिरक्या घेत, हव्या त्या दिशेला तोंड करून? काका म्हणाले हो. मग एखाद्याचा छापा आडवा असला तर त्यात नवल काय? सगळेच आडवेतिडवे. काका म्हणाले हो. मग रुळावरून उलटून आईंकडे. तिथेही आडवेतिडवे. आईंना छापा दिसत नव्हता, बाबांना काटा दिसत नव्हता. दोन्ही बाजू आपापल्या जागी निर्दोष. चूक होती ती दोन्ही बाजूंच्या मधल्या नात्यात, आणि ते बघायला पट्ट्यावर कुणी बसवलेलंच नव्हतं.

“म्हणजे तुमच्यापैकी कुणाचीच चूक नाही,” जावई म्हणाला. “कितीही डोळे ताणले असते तरी ते नाणं सापडलंच नसतं.”

त्याने चहाचा कप उचलला. अडकलेलं उद्वाहक जागेवर आलं की तो असाच उभा राहतो.

काका टेबलावरच्या नाण्यांकडे बघत होते. जावयाचं म्हणणं बरोबर होतं. त्यात एक चीर नव्हती. पण टाकसाळीच्या भिंतीवर तर लिहिलेलं होतं, सुटलं ते नजरेतून सुटलं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, की नजरेत येणारच नसेल तर काय.

काकूंनी कप खाली ठेवला.

“म्हणजे आम्ही डोळे मिटून बसलो असतो तरी चाललं असतं.”

जावई घाईने म्हणाला, तसं नाही आई. पण तसंच होतं. निदान या नाण्यापुरतं तसंच होतं. आणि अशी आणखी किती गेली असतील, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. काकूंचा चेहरा काकांनी पाहिला. अपराधी ठरवल्यावर त्या रागावल्या होत्या. निर्दोष ठरवल्यावर त्या म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

मग काकू सरळ बसल्या.

“मी पाहिलं होतं ते नाणं,” त्या म्हणाल्या.

जावयाने विचारलं, कसं काय. काकू म्हणाल्या, दुपारची पाळी होती. नाणं पट्ट्यावरून खाली पडलं. मी उचललं, उलटून पाहिलं. काटा आडवा होता. सगळं दिसलं. आणि परत पट्ट्यावर ठेवलं.

मुलगी भिंतीपासून पुढे आली. आईला बरं वाटतंय ना, हे ती बघत होती. काका काकूंकडे बघत होते. पट्ट्याला दोन्हीकडून वीतभर उंच लोखंडी कड होती. एकतीस वर्षांत त्यावरून एकही नाणं खाली पडलं नव्हतं. पडूच शकत नव्हतं. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं आणि दोघंही या टेबलाशी बसली होती.

खोटं नाणं काकांना नुसत्या आवाजावरून कळायचं. हे तर अगदीच बद्द वाजलं होतं. कडेला रेघ स्पष्ट दिसत होती. त्यांनी भावाभावांची नाणी परत केली होती, मेहुण्याचं केलं होतं.

“माझ्या पायाशी पडलं होतं,” काका म्हणाले. “मीच उचलून तुला दिलं.”

काकूंनी मान वळवली. डोळे बारीक केले. ही त्यांची काटा तपासायची नजर. जावयाने ती पहिल्यांदाच पाहिली आणि तो नकळत दोन पावलं मागे सरकला.

“कुठल्या हाताने दिलंत?”

“डाव्या. उजव्यात चिमटा होता.”

“मधे रूळ होता.”

“रुळावरून वाकून दिलं. बाहीला वंगण लागलं. तू संध्याकाळी धुतलंस.”

काकूंनी थोडा विचार केला. वंगण, बाही, डावा हात, सगळं एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने.

“निघालं नव्हतं ते पूर्ण,” त्या म्हणाल्या. “आणि मी विचारलं, काय करू. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, जाऊ दे.”

“हं,” काकू म्हणाल्या, आणि चहा प्यायल्या. गार झाला होता. तरी पूर्ण प्यायल्या.

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. ती टेबलावरची नाणी गोळा करायला लागली.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधी दोघं दारात उभी होती. यादी दुपारी बाराला जाणार होती. काकांनी जुना दाखला फाडला आणि नवीन लिहिला. चूक खरी, टाकसाळीतली. छापा व काटा यांच्यात पाव वळशाचा फरक. हे नाणे दोन्ही तपासनिसांनी त्याच वेळी पाहिलेले आहे. शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचा हात थांबला नाही. त्यांना वाटलं होतं, थांबेल.

दुकानदाराने तीनदा वाचलं. नाण्याचा दाखला, आणि त्यात साक्षीदार. असं त्याने ऐकलं नव्हतं. फरक लिहायला त्याची हरकत नव्हती, ते कुणालाही कळण्यासारखं होतं. पण एक गोष्ट गिऱ्हाईक विचारणारच.

“दोघांनी पाहिलं होतं,” तो म्हणाला. “मग सोडलं का?”

काकांनी याची तयारी केली नव्हती. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

“आवडलं,” काकू म्हणाल्या.

दाखल्यावर सहीला एकच रेघ होती. काकूंनी आयुष्यात दाखल्यावर सही केली नव्हती. त्यांनी पेन घेतलं, रेघभर लांब सही केली आणि पुस्तक काकांकडे सरकवलं. जागा उरली नव्हती. काकांनी समासात, उभी, कागद पाव वळसा फिरवून सही केली.

नाणं लिलावात कुणीतरी घेतलं. कितीला, ते काकांनी विचारलं नाही. पण यादी बऱ्याच हातांतून फिरली. जिन्याखाली दुसरी खुर्ची आली. पुढच्या आठवड्यात एक बाई रुमालात बांधून नाणं घेऊन आल्या. तेच वर्ष, तोच ठिपका. हे अर्धा वळसा फिरलेलं, आकडा चक्क डोक्यावर उभा. दुकानदार मागे येऊन उभा राहिला. हेही आवडलं होतं का, त्याने हळूच विचारलं.

काकूंनी नाणं दिव्याखाली धरलं. छापा पाहिला, काटा पाहिला. बराच वेळ लागला. काकांनी मनात एक दुपार शोधायला घेतली होती. पायाशी पडलेलं नाणं, कुठला हात, बाहीवर काय.

“नाही,” काकू म्हणाल्या. “हे मी पाहिलेलं नाही. हे सुटलं.”

काकांनी पेन उघडलं. पण दाखल्यावर टेकवलं नाही. कोणती बाजू लिहायची ते त्यांना कळेना.

“काटा लिहा,” काकू म्हणाल्या. “बाई केव्हाच्या उभ्या आहेत.”